आशयाधारित इंग्रजी अध्यापन

आशयाधारित इंग्रजी अध्यापन ही परभाषा म्हणून इंग्रजी शिकविण्याची एक पद्धती आहे. या पद्धतीत पाठाचा आरंभ व्याकरणाच्या नियमापासून किंवा शब्दांच्या यादीपासून होत नाही. तो एखाद्या खऱ्या विषयापासून होतो. शेती, बाजारपेठ, आरोग्य, नदीचे पाणी, प्रयोगशाळेतील प्रयोग असा कोणताही विषय इंग्रजीतून समजून घेताना विद्यार्थी त्या विषयाला लागणारी भाषाही आत्मसात करतो, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक होय. इंग्रजीत तिला ‘कंटेंट-बेस्ड इन्स्ट्रक्शन’ म्हणतात. युरोपात १९९० नंतर रूढ झालेली ‘क्लिल’ ही संज्ञा तिच्या जवळची आहे. मात्र तेथे वर्ग बहुधा विषयशिक्षकाच्या हाती असतो, तर आशयाधारित अध्यापनात तो सामान्यतः भाषाशिक्षकाच्या हाती असतो.

महाराष्ट्रात या पद्धतीचा संबंध दोन गटांशी येतो. पहिला गट पदवी शिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचा. त्यांतील अनेकांचे शालेय शिक्षण अरबी, फारसी, दरी, पश्तू, नेपाळी अशा भाषांतून झालेले असते आणि येथे मात्र त्यांना इंग्रजीतून परीक्षा द्यावी लागते. दुसरा गट राज्यातील सेमी-इंग्रजी वर्गांत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मराठी मुलांचा. प्रस्तुत लेखात पहिल्या गटाचा विचार विस्ताराने केला आहे.

संकल्पना

भाषा येणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाच्या उत्तरावर ही पद्धती उभी आहे. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये भाषाक्षमतेचे दोन प्रकार मांडले. एक दैनंदिन संभाषणाची क्षमता व दुसरी शैक्षणिक कामासाठी लागणारी क्षमता. पहिली साधारण दोन वर्षांत येऊ शकते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. ते स्थलांतरित कुटुंबांतील शाळकरी मुलांविषयीचे असल्याने प्रौढ विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावता येत नाही. परंतु दोन क्षमतांतील हे अंतर पदवीच्या वर्गातही ठळकपणे दिसते. भाजीवाल्याशी इंग्रजी-हिंदीत घासाघीस करणारा, मित्रांत मोकळेपणाने बोलणारा विद्यार्थी प्रश्नपत्रिकेतील ‘डिस्टिंग्विश बिटवीन’ किंवा ‘जस्टिफाय’ या शब्दापाशी अडतो. त्याला विषय कळलेला असतो, पण उत्तर कोणत्या साच्यात अपेक्षित आहे हे कळलेले नसते.

सर्वसाधारण इंग्रजी अभ्यासक्रमात ‘विमानतळावर’, ‘उपाहारगृहात’, ‘माझा आवडता छंद’ असे पाठ असतात. त्यांतील भाषा शुद्ध असते, परंतु विद्यार्थ्याला त्या पाठातून नवे असे काहीच जाणून घ्यायचे नसते. विमानतळ तर तो ओलांडूनच आलेला असतो. जाणून घेण्याची निकड नसेल तर वाचन हे केवळ डोळ्यांचे काम होते. आशयाधारित पद्धतीत ही निकड मुद्दाम निर्माण केली जाते. पाठ वाचल्याखेरीज तक्ता पुरा होत नाही, तक्ता पुरा झाल्याखेरीज चर्चेत भाग घेता येत नाही आणि चर्चा झाल्याखेरीज टिपण लिहिता येत नाही, अशी साखळी रचलेली असते.

प्रकार

डोना ब्रिंटन, मार्गारिट अॅन स्नो आणि मारी वेशे यांच्या १९८९ मधील ग्रंथात या पद्धतीचे तीन प्रकार दिले आहेत व पुढील बहुतेक लेखनात हीच विभागणी स्वीकारली गेली आहे. विषयसूत्रात्मक प्रकारात भाषाशिक्षकच काही आठवडे एक विषयसूत्र घेऊन शिकवितो. संरक्षित प्रकारात विषयाचा प्राध्यापक परभाषिक विद्यार्थ्यांचा वेगळा वर्ग घेतो. भाषा सोपी ठेवतो, आशय मात्र सोपा करीत नाही. तिसरा प्रकार जोडवर्गाचा. यात विद्यार्थी इतर सर्वांबरोबर मूळ विषयाच्या तासाला बसतात आणि त्याच तासाच्या मजकुरावर आधारित भाषेचा स्वतंत्र तास त्यांच्यासाठी ठेवला जातो.

जोडवर्ग सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत अवघड आहे. त्यासाठी विषयाचा प्राध्यापक व इंग्रजीचा शिक्षक यांनी दर आठवड्याला एकत्र बसावे लागते. वेळापत्रक, कार्यभार आणि विभागांतील भिंती पाहता आपल्याकडील महाविद्यालयांत हे घडवून आणणे सोपे नाही. त्यामुळे व्यवहारात विषयसूत्रात्मक प्रकारच अधिक आढळतो.

इतिहास

विषयाच्या द्वारे इंग्रजी शिकणे हे मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकातच घडत होते. फक्त त्याला असे नाव नव्हते. १८४० मध्ये मुंबईत बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाल्यानंतर उच्च ज्ञान कोणत्या भाषेतून द्यावे यावर मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते, तर लष्करी अभियंते जॉर्ज जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली; जगन्नाथ शंकरशेट यांचा कौलही देशी भाषांकडे होता. जर्व्हिस यांच्या पुढाकाराने गणिताची पुस्तके मराठीत आलेली होती. विषय समजण्यासाठी भाषा ओळखीची हवी हे जर्व्हिस पक्षाचे म्हणणे, तर विषय शिकता शिकताच भाषा येते हे इंग्रजी पक्षाचे म्हणणे. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने उच्च शिक्षण इंग्रजीतून व लोकशिक्षण देशी भाषांतून अशी वाटणी केली आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती पक्की झाली. आजच्या चर्चेतील जवळजवळ सर्व मुद्दे त्या वादात येऊन गेलेले आहेत.

ढाका येथील अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधील द्विभाषिकतेविषयी अहवाल लिहिला. भारतीय विद्यार्थ्याला इंग्रजीची खरी गरज ज्ञान मिळविण्यासाठी, म्हणजे वाचनासाठी आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते आणि त्यानुसार त्यांनी क्रमाने शब्दसंख्या वाढवीत नेणारी वाचनमाला तयार केली.

महाराष्ट्रातील शिक्षकांना परिचित असलेली ‘समवाय’ ही संकल्पनाही येथे आठवते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. सूतकताईसारख्या उद्योगाशी गणित, भूगोल, भाषा यांचा समवाय साधावा, हे तिचे तत्त्व. त्या योजनेत माध्यम मातृभाषा होते व प्राथमिक टप्प्यावर इंग्रजीला स्थान नव्हते, हे खरे. तरीही खऱ्या कामातून भाषा उगवते हा विचार परदेशातून आलेला नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

आधुनिक काळात या पद्धतीला बळ मिळाले ते कॅनडातून. मॉन्ट्रियलजवळील सेंट लँबर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहाने मुलांचे शिक्षण फ्रेंचमधून सुरू झाले. मुलांनी फ्रेंच चांगल्यापैकी आत्मसात केली, शिवाय विषयांत ती मागे पडली नाहीत, असा निष्कर्ष वॉलेस लँबर्ट व रिचर्ड टकर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये १९७५ च्या बुलक अहवालाने प्रत्येक विषयाचा शिक्षक हा भाषेचाही शिक्षक असतो, ही भूमिका मांडली.

भारतातील सर्वांत गाजलेला संबंधित प्रयोग एन. एस. प्रभू यांचा. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास परिसरातील साध्या सरकारी व अनुदानित शाळांत तो झाला आणि ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर ओळखला गेला. रेल्वेचे वेळापत्रक वाचून प्रवास ठरविणे, नकाशावरून मार्ग शोधणे, नियमावली पाहून कोण पात्र आहे ते ठरविणे अशी कार्ये मुलांना दिली जात. व्याकरण वेगळे शिकविले जात नसे. अॅलन बेरेटा व अॅलन डेव्हिस यांनी १९८५ मध्ये केलेले मूल्यमापन प्रकल्पाला सामान्यतः अनुकूल होते. प्रभूंचा प्रयोग काटेकोर अर्थाने कार्याधारित आहे, आशयाधारित नाही, कारण त्यात एकच विषय सलग अभ्यासला जात नव्हता. तथापि मन अर्थाकडे गुंतले असता भाषेची घडण नकळत होते, हे सूत्र दोन्हींत समान आहे.

महाराष्ट्रातील परदेशी विद्यार्थी

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये भारतात १६८ देशांतील ४९,३४८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत नेपाळचा वाटा २८.१ टक्के, त्याखालोखाल अफगाणिस्तान व बांगलादेश यांचा होता. महाराष्ट्रात या विद्यार्थ्यांचा ओढा पूर्वीपासून पुण्याकडे आहे. पुण्यातील सिंबायोसिस या संस्थेचा उगमच परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणीतून झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व वसतिगृहाचे प्रमुख असलेले शां. ब. मुजुमदार यांना मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी पडून खोलीत एकटाच असल्याचे आढळले. त्या अनुभवातून त्यांनी १९७१ मध्ये संस्था स्थापन केली आणि तिला जीवशास्त्रातील ‘सहजीवन’ या अर्थाची संज्ञा नाव म्हणून दिली. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणारी ‘एल्टिस’ ही संस्था याच परिवारातील आहे. हैदराबाद येथील इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ आणि १९६४ पासून चालू असलेला केंद्र सरकारचा ‘आयटेक’ कार्यक्रम यांद्वारेही विकसनशील देशांतील व्यक्तींना भारतात इंग्रजीचे प्रशिक्षण दिले जाते.

नाशिक जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्यामुळे पुण्यातील विद्यार्थ्यापुढे जी प्रश्नपत्रिका येते तीच बहुधा नाशिकमधील विद्यार्थ्यापुढे येते.

या विद्यार्थ्यांची अडचण लंडन वा सिडनी येथे गेलेल्या विद्यार्थ्यापेक्षा वेगळी आहे. तेथे रस्त्यावरची भाषा व वर्गातील भाषा एकच असते. येथे रस्त्यावर मराठी व हिंदी, पुस्तकात इंग्रजी आणि वर्गात तिन्हींचे मिश्रण असते. प्राध्यापक व्याख्या इंग्रजीत सांगतात आणि ती समजावून देताना सहज मराठीत वा हिंदीत येतात. स्थानिक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे उपकारकच असते. परंतु खानदेशातून आलेल्या मुलाला जेथे उलगडा होतो, नेमक्या त्याच क्षणी सुदान किंवा येमेनमधून आलेल्या मुलाचा धागा तुटतो. त्याच्या वहीत व्याख्या राहते, स्पष्टीकरण राहत नाही. मग तो व्याख्या पाठ करतो, प्रश्न थोडा फिरवून आला की अडतो आणि विषय राहिला की ‘एटीकेटी’ या अस्सल स्थानिक शब्दाशी त्याची ओळख होते. शिष्यवृत्तीवर आलेल्या विद्यार्थ्यासाठी राहिलेला विषय ही किरकोळ बाब नसते, कारण शिष्यवृत्ती, व्हिसाची मुदतवाढ आणि परतीची तारीख या सर्व गोष्टी अभ्यासक्रमाच्या वेळेत पूर्ण होण्यावर अवलंबून असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्तांतर झाले तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, याची तीव्र जाणीव झाली. अनेकींना घरी परतण्याचा मार्गच उरला नव्हता.

पहिल्या आठवड्यांतील आशय

परदेशी विद्यार्थ्यासाठी पहिला खरा विषय म्हणजे त्याचे स्वतःचे कागदपत्र. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठीचा अर्ज, महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, भाडेकरार, परीक्षेचा अर्ज या सर्वांची इंग्रजी विशिष्ट घडणीची आहे. ‘हियरबाय’, ‘द अंडरसाइन्ड’, ‘काइंडली डू द नीडफुल’ असे शब्दप्रयोग इंग्लंड-अमेरिकेत छापलेल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाहीत. अर्ज भरण्याचा पाठ कंटाळवाणा वाटतो खरा, पण विद्यार्थ्याचे पूर्ण लक्ष ज्यावर असते असा पहिल्या पंधरवड्यातील हा एकमेव पाठ असतो.

आकडे हा असाच दुर्लक्षित विषय. भारतीय वर्तमानपत्रांतील व पाठ्यपुस्तकांतील संख्या लाख-कोटींत असतात आणि स्वल्पविराम १,००,००० असा पडतो. दशलक्षाच्या हिशेबाने विचार करणारा विद्यार्थी अर्थशास्त्राचा तक्ता वाचताना दहापटींनी चुकू शकतो. त्यात अरबी लिपीतील पाचाचा आकडा शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. शहर बसच्या पाटीवर पुन्हा देवनागरी आकडे. आकड्यांच्या तीन लिपी सांभाळणाऱ्या या विद्यार्थ्याकडून घाईत झालेली चूक ही त्याच्या गणिताची चूक समजली जाऊ नये. लाखाचे दशलक्षात रूपांतर, तक्ता मोठ्याने वाचणे आणि आलेखाचे चार वाक्यांत वर्णन करणे यांना एक-दोन तास दिले तर पुढील सहा महिन्यांचा गोंधळ टळतो.

पाठाची रचना : कांद्याचे उदाहरण

आशयाधारित पाठमाला प्रत्यक्षात कशी रचतात हे नाशिक जिल्ह्यातील एका विषयावरून स्पष्ट करता येते. निफाड तालुक्यातील लासलगाव ही आशियातील सर्वांत मोठ्या कांदा बाजारपेठांपैकी एक आहे. कांदा हा विषय भाषेच्या वर्गासाठी निवडण्याची कारणे दोन. एक, तो प्रत्यक्ष पाहता येतो. दुसरे, तो वाणिज्य, शेती, भौतिकशास्त्र व राज्यशास्त्र या चारही दिशांना घेऊन जातो.

पहिल्या पाठात लिलावाची प्रक्रिया येते. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माल आवारात येतो, व्यापारी तो पाहतात, उघड बोली होते, भाव क्विंटलमागे ठरतो, भुईकाट्यावर वजन होते, माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा केला जातो व शेतकऱ्याला हिशेबपट्टी मिळते. ही प्रक्रिया इंग्रजीत सांगू लागताच कर्मणी प्रयोग आपोआप लागतो : ‘द ट्रॉली इज वेड’, ‘द प्राइस इज फिक्स्ड’, ‘द ओनियन्स आर अनलोडेड’. येथे कोणी केले याला महत्त्व नसून काय झाले याला महत्त्व आहे, हे विद्यार्थ्याला समजते आणि कर्मणी प्रयोग इंग्रजीत का असतो याचे उत्तर त्याला नियम न सांगता मिळते. रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीतील भाषाही हीच असल्याने शिक्षकाने दुसऱ्या दिवशी तो दुवा जोडून द्यावयाचा असतो. हा दुवा जोडला नाही तर कांद्यावर शिकलेले कांद्यावरच राहते.

दुसरा पाठ साठवणुकीचा. लाल कांदा टिकत नाही, म्हणून काढणीनंतर लगेच विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने ठेवता येतो. चाळ जमिनीपासून उंच आणि हवेशीर का असते, पावसाळी दमटपणाने काय होते, भाव वाढेल या आशेने थांबणाऱ्या शेतकऱ्याला वजनातील घट व सड यांचा हिशेब कसा करावा लागतो, अशी कार्यकारणाची मालिका येथे मिळते. ‘बिकॉज’, ‘देअरफोर’, ‘अनलेस’, ‘अदरवाइज’ या शब्दांना येथे खरे काम असते. ‘अनलेस’ हा शब्द एरवी परभाषिकांना फार छळतो. चाळीच्या संदर्भात तो एका वाक्यात बसतो : हवा खेळती नसेल तर कांदा सडतो.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी लासलगावातच आणखी सामग्री आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र तेथे २००२ मध्ये सुरू झाले. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याला कोंब फुटणे रोखता येते. याच केंद्रातून विकिरणप्रक्रिया केलेला आंबा २००७ पासून अमेरिकेला जाऊ लागला. विकिरण केलेला पदार्थ किरणोत्सारी होतो काय, हा प्रश्न वर्गात हमखास निघतो. तो होत नाही. पण का होत नाही हे इंग्रजीत समजावून सांगणे हा पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याच्या भाषेचा चांगला कस आहे.

शेवटचा पाठ मतभेदाचा असतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली व मे २०२४ मध्ये ती उठविली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्येही अशी बंदी आली होती आणि तेव्हा बांगलादेशात कांद्याचे भाव कडाडले होते. शहरी ग्राहक, नाशिकचा शेतकरी, निर्यातदार आणि ढाक्यातील गृहिणी यांच्या दृष्टीने या निर्णयाचा अर्थ वेगवेगळा आहे. बांगलादेशी विद्यार्थ्याला या विषयावर शिक्षकापेक्षा अधिक माहिती असण्याचा संभव असतो, आणि वर्गात अशी वेळ यावी हेच इष्ट. आपल्याला माहीत असलेले दुसऱ्याला माहीत नाही, ही जाणीव बोलण्याची सर्वांत मोठी प्रेरणा आहे. या टप्प्यावर ‘मे’, ‘इज लाइकली टु’, ‘अकॉर्डिंग टु’, ‘ऑन द अदर हँड’ अशी सावधपणे मत मांडण्याची भाषा शिकविली जाते.

या चारही पाठांत मूळ मजकूर तोच ठेवून त्यापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या वाढवितात. आधी चित्रे व आवाराचा आराखडा, मग अर्धवट तक्ता, मग छोटा उतारा आणि शेवटी वर्तमानपत्रातील पूर्ण बातमी. उतारा सोपा करण्याचा मोह शिक्षकाने आवरावा लागतो. अति सोप्या केलेल्या उताऱ्यातून ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘जोपर्यंत’ या अर्थाचे जोडशब्दच प्रथम गळतात आणि विद्यार्थ्याला खरी गरज त्यांचीच असते.

विषयाची निवड

विषय खरा असला म्हणजे तो योग्य असतोच असे नाही. द्राक्षापासून मद्यनिर्मिती हा नाशिकचा ठळक उद्योग आहे आणि किण्वनाची प्रक्रिया औषधनिर्माण वा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना उपयोगाचीही आहे. परंतु मुस्लिम देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या वर्गात मद्य हा विषय संकोचाचा ठरू शकतो. तेथे हेच किण्वन दही किंवा इडलीच्या पिठावरून शिकविता येते. युद्ध, निर्वासन, धर्म या विषयांबाबत शिक्षकाने अधिक सावध राहावे. अफगाण किंवा सीरियन विद्यार्थ्याला त्याच्या देशावरील बातमी ‘रंजक सामग्री’ म्हणून देणे निष्ठुरपणाचे आहे. त्याने आपणहून विषय काढला तर गोष्ट वेगळी.

सिंहस्थ कुंभमेळा हा विषय परदेशी विद्यार्थ्यांना आकर्षक वाटतो. बहुधा तो उत्सवाचे वर्णन म्हणून शिकविला जातो आणि वर्ग विशेषणांच्या गर्दीत संपतो. त्याऐवजी गर्दीचे नियोजन, पिण्याचे पाणी, गोदावरीत सोडले जाणारे गंगापूर धरणाचे पाणी, तात्पुरती रुग्णालये अशा बाजूने गेल्यास स्थापत्य, सार्वजनिक आरोग्य व प्रशासन या शाखांची भाषा हाती लागते.

मूल्यमापन

आशयाधारित वर्गाची परीक्षा हा वादाचा विषय आहे. उत्तरातील माहिती बरोबर व वाक्यरचना चुकीची असेल तर गुण कशाला द्यावेत? काही शिक्षक आशय व भाषा यांना वेगळे गुण देतात. हा मार्ग न्याय्य दिसतो, परंतु चुकीच्या वाक्यरचनेने अर्थच बदलला असेल तेथे तो कोलमडतो. ‘मोअर दॅन’ व ‘नॉट मोअर दॅन’ यांची गल्लत ही भाषेची चूक मानावी की आशयाची, हे सांगता येत नाही.

विद्यापीठीय परीक्षेच्या दृष्टीने प्रश्नक्रियांचा अभ्यास फार फलदायी ठरतो. ‘डिफाइन’, ‘स्टेट’, ‘एक्सप्लेन’, ‘डिराइव्ह’, ‘डिफरन्शिएट’, ‘राइट शॉर्ट नोट्स ऑन’ यांतील प्रत्येक सूचना वेगळ्या लांबीचे व वेगळ्या बांधणीचे उत्तर मागते. मराठी विद्यार्थी ‘फरक स्पष्ट करा’, ‘कारणे द्या’, ‘टिपा लिहा’ हे साचे शाळेपासून घोटून आलेला असतो, त्यामुळे इंग्रजी सूचनेमागचा साचा तो लगेच ओळखतो. परदेशी विद्यार्थ्याला दोन रकाने आखून फरक लिहावयाचा असतो हेही कोणी सांगितलेले नसते.

सेमी-इंग्रजीशी संबंध

महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. सेमी-इंग्रजी व्यवस्थेत याच्या पुढे जाऊन गणित व विज्ञान हे विषयच इंग्रजीतून शिकविले जातात. बाह्यतः ही आशयाधारित अध्यापनाचीच व्यवस्था आहे. प्रत्यक्षात मात्र तीत भाषेचे नियोजन क्वचितच असते. विज्ञानाचा शिक्षक इंग्रजी ही आपली जबाबदारी मानत नाही व इंग्रजीचा शिक्षक विज्ञानाचे पुस्तक उघडत नाही. मुले ‘फोटोसिंथेसिस’ म्हणतात आणि स्पष्टीकरण मराठीत देतात. समज मराठीत तयार होते व परीक्षेपुरती इंग्रजी पाठ होते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली तंत्रे, विशेषतः अर्धवट तक्ते, प्रश्नक्रियांचा सराव व जोडशब्दांकडे लक्ष, या मुलांनाही तितकीच लागू पडतात. फरक एवढाच की मराठी मुलाला अडल्यावर परतण्यासाठी वर्गातच आपली भाषा उपलब्ध असते.

टीका व मर्यादा

या पद्धतीवरील सर्वांत वजनदार आक्षेप तिच्या मायभूमीतूनच आला. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखविले की, अनेक वर्षे फ्रेंचमधून शिकूनही मुलांच्या बोलण्यालिहिण्यात व्याकरणाच्या ठरावीक चुका टिकून होत्या. समजून घेण्यासाठी अर्थ पुरेसा असतो, घडण पाहावी लागत नाही. बोलताना व लिहिताना मात्र ती पाहावीच लागते. त्यामुळे विद्यार्थ्याला नेमकेपणाने व्यक्त व्हायला भाग पाडले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हापासून आशयाधारित पाठात मधूनमधून थांबून भाषेच्या घडणीकडे वळण्याचे वेळ राखून ठेवतात. हा वेळ गाळला तर भाषेचा तास विषयाची सोपी शिकवणी होऊन बसतो. विद्यार्थी खूश असतात, शिक्षकालाही विषय रंगल्याचे समाधान मिळते, आणि सत्राअखेरीस लेखनातील चुका जशाच्या तशा असतात.

दुसरा आक्षेप शिक्षकाच्या विषयज्ञानासंबंधी आहे. इंग्रजी साहित्याचा पदवीधर विकिरण किंवा लेखापरीक्षण कसे शिकविणार? यावर एक उत्तर असे की, भाषाशिक्षकाने विषयाचा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. अज्ञ पण चौकस वाचकाची भूमिका त्याने प्रामाणिकपणे घ्यावी. हे उत्तर अर्धेच खरे आहे. चुकीची संकल्पना अस्खलित इंग्रजीत शिकविली गेली तर ती उतरविण्यास विषयाच्या प्राध्यापकाला दुप्पट श्रम पडतात. सामग्री तयार करताना एकदा तरी विषयतज्ज्ञाची नजर तिच्यावरून फिरली पाहिजे.

तिसरी मर्यादा वर्गाच्या मिश्रणाची. एका वर्गात वाणिज्य, अभियांत्रिकी व विधी शाखांचे विद्यार्थी आले तर सर्वांना समान निकडीचा विषय सापडत नाही. अगदी प्रारंभिक पातळीवरील, म्हणजे रोमन लिपीच नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धती झेपत नाही. उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय असलेल्याला लिपी, वाचनाची दिशा व मूलभूत वाक्ये यांसाठी काही आठवडे वेगळे द्यावेच लागतात.

उलट दिशेने

मराठी शिकण्यासाठी येणाऱ्या परदेशी अभ्यासकांच्या बाबतीत हीच पद्धती उलट दिशेने वापरली जाते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे मराठीचे वर्ग पुण्यात चालतात. फलटण येथे स्थायिक झालेल्या मॅक्सिन बर्नसन व लेखिका जाई निंबकर यांचे परभाषिकांसाठीचे मराठी व्याकरण १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून प्रसिद्ध झाले. वारी, सहकार चळवळ, दलित साहित्य असा संशोधनविषय घेऊन आलेल्या अभ्यासकाला मराठी त्या विषयासाठीच हवी असते, त्यामुळे आशय शोधावा लागत नाही. शिवाय त्याला आणखी एक सोय असते. तासाला जी भाषा ऐकली तीच त्याला संध्याकाळी ज्या घरी तो राहतो तेथे जेवताना ऐकू येते. पुण्यात वा नाशिकमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या सुदानी विद्यार्थ्याला ही सोय नसते. वर्गाबाहेर पडल्यावर त्याच्याशी बोलणारे लोक मराठी किंवा हिंदी बोलतात, आणि वर्षभरात त्याची हिंदी त्याच्या इंग्रजीपेक्षा पुढे गेल्याची उदाहरणे शिक्षकांना चांगली परिचित आहेत.